डॅशबोर्डातलं शुभवर्तमान

नव्वदच्या दशकात मंगल कार्यालयाच्या पंगतीत बसलेल्या पुरुषांपैकी गाडीवाला कोण, हे ओळखायची एक सोपी खूण होती. त्याच्या झब्ब्याच्या किंवा शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घराएवढी एक चपटी काळी डबी असायची. वाढपी मठ्ठा घेऊन आला की हा गृहस्थ द्रोण सावरायच्या आधी तो खिसा सावरायचा. डबीत असायचं गाडीच्या टेपचं सुटं पॅनेल. गाडीत टेप तसाच ठेवून जाणं म्हणजे चोराला आवतण देणं. म्हणून बटणांचा पुढचा भाग काढून बरोबर न्यायची सोय कंपन्यांनी करून दिली होती. मागे उरलेलं धूड चोराच्या काही कामाचं नाही, अशी त्यामागची कल्पना. चोर मंडळींना ही कल्पना नेहमीच मान्य असायची असं नाही, पण ते असो.

अशी डबी मीही बरीच वर्षं वागवली. १९९४ साली सांगलीला असताना बँकेकडून मिळणारं कर्मचारी वाहनकर्ज काढून मी एक जुनी मारुती ८०० घेतली. मेव्हणा तेव्हा मस्कतला होता. सुट्टीवर येताना त्यानं बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून एक कारटेप आणला आणि माझ्या हातात ठेवत म्हणाला, "दाजी, गाडी कुठलीही असू द्या, टेप पायोनिअरचाच पाहिजे." पुढचे काही रविवार मी गाडी धुण्यात घालवले. घरातून प्रतिक्रिया आली, "अहो, गाडीपेक्षा टेपच जास्त पुसताय तुम्ही." ते खरंच होतं. त्या टेपवर भीमसेनजींचा तोडी ऐकत आम्ही नरसोबाच्या वाडीला जायचो, तेव्हा गाडीच्या दारांची खडखड आपोआप मागे पडायची.

पायोनिअर म्हणजे कोण, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नव्हतं. दर्जाचंच ते एक नाव होतं. निवृत्तीनंतर हाती वेळ आला आणि या कंपनीचा इतिहास मी जुनी कर्जाची फाइल वाचावी तसा वाचून काढला. बँकेत असताना माझी एक खोड होती. प्रस्ताव आला की आधी ताळेबंद न पाहता मी उद्योजकाचं चरित्र वाचायचो. वरिष्ठ हसायचे. पण माणूस कळला की आकडे बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे.

तर या कंपनीचा माणूस नोझोमु मात्सुमोतो. जन्म १९०५, कोबे शहरातला, ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरातला. १९३२ साली त्यानं अमेरिकन बनावटीच्या डायनॅमिक स्पीकरचा आवाज ऐकला आणि असा स्पीकर आपण आपल्या हातानं करायचाच, असं त्याच्या मनानं घेतलं. त्या वेळच्या कर्णे लावलेल्या रेडिओंचा चिरका आवाज ज्यांनी ऐकला असेल, त्यांना त्या माणसाला काय झालं असेल याची कल्पना येईल. पाच वर्षं खटपट करून १९३७ साली त्यानं ए-८ नावाचा स्पीकर तयार केला आणि त्याला 'पायोनिअर' हे नाव दिलं. १९३८ साली तोक्योत त्याचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. कारखान्याचं नाव मात्र वेगळं होतं. ते होतं 'फुकुइन'. या जपानी शब्दाचा अर्थ आपल्याकडच्या ख्रिस्ती बांधवांना सहज ठाऊक असलेल्या शब्दात सांगायचा तर 'शुभवर्तमान'. वडील देवळात जे सांगत होते, ते मुलानं स्पीकर करणाऱ्या कारखान्याच्या पाटीवर लिहिलं. पुढे १९६१ साली कंपनीनं स्पीकरचंच नाव स्वतःला घेतलं. जुन्या बोधचिन्हात मात्र आवाज तपासायचा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, आणि विजेच्या रोधाची 'ओहम'ची खूण ही दोन्ही एकात एक गुंफलेली होती. स्वर आणि वीज. माझ्या टेपवर ती खूण होती की नाही हे आता आठवत नाही.

गाडीत गाणं ऐकवणारी ही काही पहिली कंपनी नव्हे. अमेरिकेत १९३० सालीच पॉल गॅल्विननं मोटारीतला रेडिओ बाजारात आणला होता, आणि त्याचं 'मोटोरोला' हे नाव नंतर साऱ्या कंपनीला मिळालं. या गॅल्विनची एक गोष्ट सांगतात, ती खरी असो वा रचलेली, मला बँकवाला म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्ज मंजूर व्हावं म्हणून त्यानं एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत आपला रेडिओ फुकट बसवून दिला. अर्ध्या तासात त्या गाडीनं पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळालं नाही. युरोपात १९३२ साली ब्लाउपुंक्ट या जर्मन कंपनीनं गाडीचा रेडिओ काढला. त्याची किंमत ४६५ मार्क, म्हणजे गाडीच्या किमतीच्या सुमारे एक तृतीयांश होती. मेव्हण्याच्या टेपचं आणि माझ्या जुन्या मारुतीचं प्रमाण अगदीच जगावेगळं नव्हतं म्हणायचं.

पायोनिअरचं वैशिष्ट्य असं की तिला प्रत्येक गोष्टीत पहिलं यायचं होतं. नावच तसं घेतल्यावर दुसरं काय होणार? १९६२ साली स्पीकर वेगळे, अँप्लिफायर वेगळा असा सुटा स्टीरिओ. १९७५ साली हीच कल्पना गाडीत: टेप, अँप्लिफायर आणि स्पीकर वेगवेगळे घ्या, हवे तसे जोडा. दिवाणखान्यातला आवाज गाडीत आणायची ही सुरुवात होती. १९८० साली अमेरिकेत घरगुती लेझरडिस्क. १९८२ साली त्याच तबकडीवर कराओके. जपानी मद्यगृहांतून लोक पडद्यावरचे शब्द पाहून गाऊ लागले ते या तबकडीच्या जोरावर. १९८४ साली गाडीत बसणारा सीडी प्लेअर. सीडीवर प्रकाशाची सुई चालते आणि गाडी खड्ड्यातून चालते, या दोहोंचा मेळ घालणं किती अवघड असेल हे सांगली-मिरज रस्त्यानं ये-जा केलेल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

पण कंपनीच्या इतिहासातलं माझं आवडतं पान १९९० सालचं आहे. त्या वर्षी पायोनिअरनं 'एव्हिक-१' नावाचं यंत्र जपानात विकायला आणलं. उपग्रहाचे संकेत घेऊन, सीडीवर साठवलेल्या नकाशावर तुमची गाडी नेमकी कुठे आहे ते दाखवणारं यंत्र. त्याच वर्षी माझ्दाच्या एका महागड्या गाडीत अशी यंत्रणा कारखान्यातूनच बसवून मिळू लागली होती; पण दुकानात जाऊन विकत घ्यावी आणि आपल्या गाडीत बसवून घ्यावी, अशी सोय केली ती पायोनिअरनं. तिच्याआधीचे प्रयत्न फार गमतीचे आहेत. होंडानं १९८१ साली जे यंत्र काढलं, त्यात पारदर्शक कागदावर छापलेला नकाशा पडद्यावर सरकवायचा असे, आणि गाडी कुठे वळली हे हेलियम वायूच्या झोतावर चालणारा जायरोस्कोप ओळखत असे. अमेरिकेत इटॅक कंपनीनं १९८५ साली नकाशे चक्क कॅसेटवर भरले. गाव बदललं की कॅसेट बदला!

हे सारं जपानातच इतक्या हौसेनं का वाढलं? कारण तिथला पत्ता. जपानी शहरांत बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता असतो तो विभागाचा, त्यातल्या तुकड्याचा, आणि मग घराच्या क्रमांकाचा. आणि घरांचे क्रमांक जुन्या भागांत ओळीनं न लागता जे घर आधी बांधलं त्याला आधीचा, अशा हिशेबानं लागलेले. सात नंबरच्या शेजारी बावीस नंबर. आपल्याकडे निदान 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीसमोर' असं सांगून माणूस पोचतो. तिथे टॅक्सीवाला सुद्धा गोंधळायचा. ही अडचण ज्यांच्या अंगवळणी पडली होती, त्यांनीच त्यावर तोडगा काढला.

तोडगाही सोपा नव्हता. उपग्रहांची ही यंत्रणा अमेरिकन लष्कराची. १९९० साली आकाशात पुरेसे उपग्रहच नव्हते. यंत्रणा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं ते १९९५ साली. त्यात लष्करानं सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. शंभर मीटरपर्यंतचा फरक पडायचा. म्हणजे तुम्ही पुलावर, आणि यंत्राच्या मते नदीत! ही मुद्दाम केलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. तोवर अभियंत्यांनी काय केलं, तर चाकं किती फिरली ते मोजलं, गाडी किती वळली ते मोजलं आणि त्या दोन्हींचा मेळ नकाशावरच्या रस्त्यांशी घातला. गाडी नदीत असणं शक्य नाही, तेव्हा ती शेजारच्या रस्त्यावरच असली पाहिजे, असं यंत्राला शिकवलं. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तिथेही याच युक्तीवर काम चालायचं. पुढे नकाशांची स्वतंत्र उपकंपनी निघाली, १९९७ साली नकाशे डीव्हीडीवर आले, २००१ साली हार्ड डिस्कवर.

या यंत्रांचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो मात्र विक्रेत्यांच्या मनातही नव्हता. मार्च २०११ मध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली. कुठला रस्ता शाबूत आहे, कुठला पूल गेला, हे सांगणार कोण? गाड्यांमधली ही यंत्रं आपण कुठून कुठे गेलो याची नोंद मध्यवर्ती केंद्राकडे पाठवत होती. होंडा, पायोनिअर, टोयोटा आणि निसान यांच्याकडच्या या नोंदी एकत्र करून एक नकाशा लोकांसाठी खुला करण्यात आला. ज्या रस्त्यावरून काल एखादी गाडी गेली, तो रस्ता निळ्या रेघेनं दाखवायचा. जिथे रेघ नाही, तिथून जायचा भरवसा नाही. मदतीचे ट्रक त्या रेघा पाहून निघत होते. एरवी हे प्रतिस्पर्धी एकमेकांना तोंडही दाखवत नसतील.

आता फाइलची दुसरी बाजू. ती वाचताना माझ्यातला बँकवाला अस्वस्थ झाला, आणि त्याला कारणही आहे. ते पुढे सांगतो.

१९९७ साली पायोनिअरनं घरगुती वापरासाठी ५० इंची प्लाझ्मा टीव्ही आणला. इथेही पहिलं यायची हौस. २००४ साली एनईसी कंपनीचा प्लाझ्मा पडदे करण्याचा कारभार तिनं विकत घेतला. २००७ साली 'कुरो' नावाचे टीव्ही काढले. कुरो म्हणजे जपानीत काळा. प्लाझ्माच्या पडद्यावर काळा रंग खराखुरा काळा दिसत नसे, करडा दिसे. पायोनिअरच्या अभियंत्यांनी तो असा काही गडद केला की जाणकार आजही त्याची आठवण काढतात. पण लोकांना काळ्यातला काळेपणा नको होता, स्वस्त टीव्ही हवा होता. एलसीडी पडद्यांच्या किमती दर सणाला उतरत होत्या. २००८ साली पायोनिअरनं स्वतः पडदे करणं थांबवायचं ठरवलं, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये टीव्हीचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. वर्षाचा अंदाजित तोटा १३,००० कोटी येन. जगभरातल्या १०,००० लोकांच्या नोकऱ्या जाणार होत्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत लेझरडिस्कही बंद होणार असं सांगून झालं होतं. शेवटची तीन हजार यंत्रं तेवढी करायची बाकी होती. तोक्योच्या मेगुरो भागातलं मुख्यालय गेलं, कंपनी कावासाकीला आली.

माझ्या मते इथे दोष अभियंत्यांचा नाही. तो हिशेबाचा आहे. कारखाना उभा करायला जे कर्ज लागतं ते दहा वर्षांत फेडायचं असतं, आणि ज्या वस्तूसाठी कारखाना उभा राहतो तिचं आयुष्य पाच वर्षांचं असेल, तर उरलेल्या पाच वर्षांचे हप्ते कशातून फेडायचे? हे गणित चौथीच्या मुलाला यावं इतकं सोपं आहे. पण मंजुरीच्या टेबलावर ते भल्याभल्यांना येत नाही.

मला आलं नव्हतं. एका औद्योगिक वसाहतीत कॅसेट भरून देणारं एक छोटं युनिट होतं. भजनं, अभंग, भावगीतं. मालक सज्जन, कामाला वाघ. त्यांना नवी यंत्रं घ्यायची होती. प्रकल्प अहवालात सात वर्षांची परतफेड दाखवली होती, मी ती वाचली, त्यांचं चरित्र वाचलं आणि सही केली. सीडी तेव्हा बाजारात आलेली होती, पण ती श्रीमंतांची चैन आहे, तळागाळातला माणूस कॅसेटच ऐकणार, असं त्यांचं म्हणणं, आणि माझंही. चौथ्या वर्षी हप्ते थकले, पाचव्या वर्षी खातं बुडीत निघालं. यंत्रं भंगाराच्या भावानं गेली. लिलावाच्या दिवशी ते गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, माल वाईट नव्हता हो." मला काही उत्तर देता आलं नाही. त्यांच्याकडे अकरा माणसं कामाला होती. माणूस कळला की आकडे बोलू लागतात, असं मी वर मोठ्या ऐटीत लिहिलं, त्याला जोडून हेही वाचावं.

पायोनिअरनं २००९ साली ठरवलं की आता गाडी हाच आपला मुख्य धंदा. निर्णय शहाणपणाचा वाटत होता. गाडीतला आवाज आणि गाडीतला नकाशा यात तिचा हात धरणारे थोडेच होते. पण नशीब असं की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गूगलनं अमेरिकेत मोबाइल फोनवर वळणावळणाला रस्ता सांगणारी सोय फुकट देऊन टाकली. रस्ता दाखवायची यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांचे शेअर त्या दिवशी धाडकन कोसळले. वीस वर्षं घासून घासून केलेलं यंत्र, आणि ते काम आता प्रत्येकाच्या खिशातल्या डबीत!

पुढचं भराभर सांगतो. घरगुती ऑडिओचा विभाग २०१५ साली ओंक्योकडे गेला. ती ओंक्योची घरगुती उपकरणांची कंपनीही २०२२ साली दिवाळखोरीत निघाली. डीजे मंडळींच्या कन्सोलचा विभाग त्याच २०१५ साली सुमारे ५,९०० कोटी येनला विकला. आपल्याकडे वरातीत डीजेच्या टेबलावर जे नाव चमकताना दिसतं, त्याची मुख्य मालकी तेव्हाच मूळ घराबाहेर गेली. उरला गाडीचा धंदा. त्यातही दुकानातल्या विक्रीपेक्षा मोटार कंपन्यांना थेट पुरवठा करण्यावर भर होता, आणि तिथे प्रत्येक गाडीसाठी वेगळं सॉफ्टवेअर लिहावं लागे. खर्च आधी, पैसे नंतर. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीनं आपल्या निकालांसोबत असं वाक्य छापलं की आपला व्यवसाय पुढे चालू राहण्याबद्दल गंभीर अनिश्चितता आहे. बँकेत असं वाक्य वाचलं की चहाचा कप खाली ठेवला जातो. बेअरिंग या गुंतवणूक संस्थेनं त्या डिसेंबरात १०,२०० कोटी येनची मदत जाहीर केली. जुन्या भागधारकांना एका शेअरमागे ६६.१ येन मिळाले, आणखी ३,००० नोकऱ्या गेल्या आणि मार्च २०१९ मध्ये तोक्योच्या शेअर बाजाराच्या यादीतून हे नाव निघालं. नकाशांची उपकंपनी २०२१ साली विकली गेली.

मग जून २०२५ मध्ये बातमी आली की पायोनिअर तैवानच्या कारयूएक्स कंपनीला १६,३६० कोटी येनला देण्याचं ठरलं आहे. कारयूएक्स ही इन्नोलक्सची उपकंपनी. आणि इन्नोलक्स काय करते, तर एलसीडीचे पडदे! ज्या पडद्यांनी कुरोला बाजारातून उठवलं, ते पडदे करणाऱ्याच घराण्यात ही लेक गेली. तिथे निदान तिची किंमत ठाऊक असलेली माणसं असतील, अशी आशा मी करतो. पडदा त्यांच्याकडे आहे, आवाज हिच्याकडे.

गेल्या महिन्यात मुलाच्या जुन्या गाडीचं म्युझिक बंद पडलं म्हणून आम्ही दोघं एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता. म्हणाला, "काका, आता नव्या गाड्यांत सगळं कंपनीतूनच येतं. बसवून घ्यायला जुन्या गाडीवालेच येतात." मी विचारलं, पायोनिअर आहे का? त्यानं आतून एक खोका आणला, यंत्र टेबलावर ठेवून वीज दिली आणि मुलाचा मोबाइल त्याला जोडला. मोठ्या पडद्यावर मोबाइलमधलाच नकाशा उमटला. मग त्यानं गाणं लावलं. मुलगा नकाशा बोटानं पुढेमागे करून पाहत होता. मी त्याला म्हटलं, जरा थांब, आवाज ऐकू दे.